मागच्या स्क्रूवरची रेघ

यावोरित्सा, २६ नोव्हेंबर १९७९

ओब्रेन बाळा,

तुझ्या आजीच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे माझा, भरघोस आशीर्वाद. मी बोलते आहे आणि आमचा पोस्टमन विदोये लिहितो आहे. अक्षराला हसायचं असेल तर त्याला हस, मजकुराला हसायचं असेल तर इथे समोर येऊन हस. मला अक्षरओळख नाही हे तुला ठाऊकच आहे. लहानपणी शाळा डोंगराच्या पलीकडे होती आणि शेळ्या अलीकडे, त्यामुळे मी शेळ्यांकडून शिकले.

काम तुझ्या आजोबांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, आहे. जुलैमध्ये मियात तुझ्या दुकानात आला होता, तू त्याच्या जुन्या बंदुकीवर दुर्बीण बसवून दिलीस. घरी आला तेव्हा नवरदेवासारखा आला. उन्हाळाभर त्या दुर्बिणीतून शेजाऱ्यांच्या कोंबड्या मोजल्या. पण आता शिकार सुरू झाली आणि तीन रविवार झाले, एक डुक्कर पडलं नाही.

पहिल्या रविवारी साठ पावलांवर, आडवं उभं होतं. गेलं. संध्याकाळी शिकाऱ्यांचं कोर्ट बसलं. तुझ्याकडे शहरात नसेल, म्हणून सांगते: न्यायाधीश कोट उलटा घालून ओंडक्यावर बसतो, ज्याचा नेम चुकला त्याला दुसऱ्या ओंडक्यावर पालथा घालतात, हेझलच्या छडीचे तीन फटके देतात आणि सगळे हसतात. मियातलाही तीन बसले. हसत घरी आला. दुसऱ्या रविवारी परत चुकला, परत तीन बसले, हसू जरा कमी आलं. आणि काल तिसऱ्यांदा चुकला, तर बाळा, कोर्ट बसलंच नाही. त्याला शेकोटीवरच्या मडक्याजवळची उबेची जागा दिली आणि कालवणातला मऊ तुकडा वाढला.

घरी येऊन त्याने बंदूक खुंटीला अडकवली, ती भिंतीकडे तोंड करून. म्हणाला, "येग्दा, आता मी म्हातारा झालो. ज्याच्यावर कोर्ट बसवत नाहीत तो मोजण्यातला माणूस नाही." संत निकोलाच्या सणानंतरच्या रविवारी शिकाऱ्यांचं मंडळ दबा धरायच्या जागा वाटून देतं, तेव्हा बीचच्या झाडाखालची आपली जागा सोडून देतो म्हणाला. चाळीस वर्षं ती जागा त्याची आहे. सकाळपासून पडून आहे. आज कालवणात मीठ जास्त पडलं, मुद्दाम टाकलं मी, तर चकार शब्द नाही. तेव्हा मला भीती वाटली.

डोळे म्हणावेत तर समोरच्या उतारावर कुणाच्या किती शेळ्या आहेत ते अंथरुणातून सांगतो. हात म्हणावेत तर परवाच सुईत दोरा ओवून दिला. बंदुकीला कुणी हातही लावलेला नाही. या महिन्याच्या सुरुवातीला, संत दिमित्रीच्या सणाआधी मीच ती घासूनपुसून लख्ख केली होती. मग बिघडलं काय? तू शहाणा आहेस, सांग.

तुझी
येग्दा आजी


उझित्से, १ डिसेंबर १९७९

येग्दा आजी,

पत्र काल आलं आणि मी रात्रीचं जेवण तसंच ठेवून दोनदा वाचलं. आधी एक गोष्ट सांगतो. दुर्बीण मी बसवली, तेव्हा पहिला संशय माझ्यावरच घ्यायला हवा. तो घेऊनच पुढचं लिहितो.

दुर्बीण बंदुकीवर दोन कड्यांनी धरलेली असते, एक पुढे, एक मागे. प्रत्येक कडीला स्क्रू आहेत. त्यातला एक जरी सैल झाला तरी दर गोळीला दुर्बीण केसभर हलते. केसभर इथे, तर साठ पावलांवर वीतभर. दुर्बिणीतून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण काचेतली फुली डुकरावर बरोबर दिसते. माणूस मग स्वतःलाच दोष देतो. माझ्याकडे येणाऱ्या दहातले सहा जण आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलेले असतात.

तेव्हा असं करा. बंदूक रिकामी आहे ना, ते आधी बघा.

मग दुर्बीण बोटांनी धरून हलकेच डावी-उजवी हलवा आणि कान जवळ न्या. बारीक टक् असा आवाज आला तरी सैल आहे. त्यानंतर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या कडीपर्यंत पेन्सिलीने एक सरळ रेघ ओढा. तीन गोळ्या झाडा आणि रेघ बघा. रेघ तुटली, म्हणजे अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे झाली, तर तो स्क्रू फिरला.

फिरलेला स्क्रू योग्य मापाच्या स्क्रूड्रायव्हरने हलक्या हाताने फिरवून बघा. घट्ट होऊन थांबला तर नुसता सैल होता, देवाचे आभार माना. पण फिरतच राहिला, कुठे धरेचना, तर आतले आटे गेले. मग त्याला हात लावू नका. सुरी तर मुळीच लावू नका.

आणि शेवटचं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दुर्बीण पूर्ण काढून टाका. खाली नळीवर नेम धरायची जुनी लोखंडी माशी तशीच आहे. आजोबांना पन्नास पावलांवरच्या फळीवर त्या माशीने पाच गोळ्या झाडायला सांगा. गोळ्या जवळजवळ पडल्या तर डोळे आणि हात दोन्ही शाबूत आहेत, आणि चोर वर बसलेला आहे.

मिठाची युक्ती चालू ठेवा.

तुमचा
ओब्रेन


यावोरित्सा, ६ डिसेंबर १९७९

ओब्रेन,

तुझं पत्र विदोयेने चुलीपाशी बसून वाचलं. वाचताना दोनदा खोकला. थंडी आहे म्हणाला.

मियातला मी सांगितलं, ऊठ, फळीवर नेम धर. म्हणाला, मेलेल्या माणसाला नाचायला सांगू नकोस. बरं म्हटलं. फळी घेतली, तिच्यावर कोळशाने गोल काढला, आलुबुखाराच्या झाडाला बांधली, आणि बंदूक खुंटीवरून काढून स्वतःच अंगणात जाऊन उभी राहिले. बंदुकीचा दस्ता काखेत धरला, उशी धरतात तसा. खिडकीतून त्याने बघितलं. एकोणतीस वर्षांपूर्वी घराला आग लागली होती तेव्हा तो जितक्या वेगाने बाहेर आला होता, तितक्याच वेगाने आला. एका पायात बूट.

"खांदा निखळेल बये, दे इकडे."

"तुझ्या खांद्याला काय झालंय मग?"

"मी काय म्हणतो ते ऐक."

"पन्नास वर्षं ऐकतेय. आज फळी ऐकू दे."

विदोये तिथेच होता. त्याने रेघा ओढल्या. मियातने दुर्बिणीतून तीन झाडल्या: एक फळीच्या वरच्या कोपऱ्यात, एक खाली, एक झाडाला. झाडाची मी माफी मागितली. मग आम्ही तिघं रेघा बघायला वाकलो. पुढच्या कडीवर सरळ. मागच्या कडीवरची एक रेघ, बाळा, तुटलेली. अर्धी घड्याळातल्या बारावर, अर्धी तीनवर. विदोयेने स्क्रू फिरवला तर कॉफीतल्या चमच्यासारखा फिरत राहिला, थांबेचना. आणि त्याच्या डोक्यावरची खाच बघितलीस तर उंदराने कुरतडल्यासारखी. मियात म्हणाला, मी हात लावलेला नाही. मियात खोटं बोलत नाही, त्याला तेवढा दम नाही. मग कुणी कुरतडलं? तू म्हणतोस सुरी लावू नका, मला तर वाटतं कुणीतरी आधीच लावली.

मग दुर्बीण उतरवली आणि मियातने लोखंडी माशीने पाच झाडल्या. मी फळीपाशी गेले आणि पाचही भोकांवर हात ठेवला. सगळी माझ्या तळहाताखाली झाकली गेली. हात तसाच ठेवून उभी राहिले. तो आला, माझा हात उचलून बघितलं, परत खाली ठेवला. म्हणाला, "फळी पळत नाही." पण मक्याच्या पिठाचा काचामाक दोन ताटं खाल्ला. आणि मीठ जास्त आहे म्हणाला.

तरी जागा सोडायचं त्याने मागे घेतलेलं नाही. म्हणतो, बंदूक वाईट होती हे फळीला कळलं, पण त्यांनी माझी कीव केली ती केलीच. आता तूच काहीतरी कर. ते कुरतडणारं कोण, तेही सांगता आलं तर सांग, मला त्याला दोन शब्द ऐकवायचे आहेत आणि मी ते जमवून ठेवले आहेत.

तुझी
येग्दा आजी

(ओब्रेन, हे मी विदोये लिहितो आहे. काकूंना माहीत नाही. स्क्रू मी कुरतडला. संत दिमित्रीच्या दिवशी मी यांच्याकडे सणाला गेलो होतो. बंदूक हातात घेतली तर दुर्बीण हलत होती. मला वाटलं, माझ्याच हातून बिघडली म्हणतील. सगळे टेबलाशी होते. मी खिशातला चाकू काढला आणि जोर लावून आवळत गेलो. घट्ट होत होत अचानक हलकं झालं. मी बंदूक खुंटीला लावली आणि रकियाची दारू प्यायला गेलो. आणि ऐक, यावर्षी कोर्टात न्यायाधीश मीच आहे. मियातकाकांना दोनदा छडीची शिक्षा मीच दिली. तिसऱ्या रविवारी माझ्याने कोट उलटा घालवेना. कीव नव्हती ती. आता काय करू, सांग. काकूंना तुझं उत्तर मीच वाचून दाखवणार आहे, हे ध्यानात ठेव.)


उझित्से, १० डिसेंबर १९७९

येग्दा आजी,

पाच भोकं तळहाताखाली गेली हे वाचून मी दुकानात एकटाच हसलो. गिऱ्हाईक दचकलं.

आता निदान पक्कं आहे. मागच्या कडीतले आटे गेलेत. ते घरी होणारं काम नाही, बंदूक इथे यायला हवी. परवाना आजोबांच्या नावावर आहे, म्हणजे बंदुकीबरोबर आजोबाही यायला हवेत. सोबत विदोयेला पाठवा. बस पहाटे निघते, वाटेत बोलायला खूप वेळ मिळतो.

पण एक कोडं मला सुटत नाही. आटे जाणं ही दुसरी गोष्ट. पहिली गोष्ट ही की स्क्रू मुळात सैल का झाला? जुलैमध्ये मी ते चारही स्पिरिटने धुऊन, कोरडे करून, नीट आवळले होते. चार महिन्यांत एकही गोळी न झाडता ते आपोआप सैल होत नाहीत. आणि नीट कोरडे आटे नुसत्या हाताच्या जोराने सहसा जात नाहीत. तेल-चरबी असेल तर मात्र जातात, कारण स्क्रू गुळगुळीत सरकत जातो आणि आवळणाऱ्याला जोर किती लागला ते कळतच नाही. तेव्हा तो स्क्रू काढा, आट्यांत टाचणी घाला, जे निघेल त्याचा वास घ्या आणि मला कळवा.

विदोये, हा पुढचा परिच्छेद तुझा आहे. मोठ्याने वाचायचा की गाळायचा ते तू ठरव. मी कुणालाच काही सांगणार नाही. पण आजोबांना बरं करायचं औषध माझ्याकडे नाही, तुझ्याकडे आहे. ते म्हणतात, माझी कीव केली. ती कीव नव्हती हे त्यांना सांगू शकणारा जगात एकच माणूस आहे.

आजी, तुमच्या दोन शब्दांमधला एक मलाही ठेवा.

ओब्रेन


यावोरित्सा, १५ डिसेंबर १९७९

ओब्रेन,

विदोयेने परिच्छेद वाचला. आधी गाळणार होता, मला कळलं, कारण त्याचे डोळे चार ओळी खाली गेले आणि आवाज तिथेच थांबला. मी म्हटलं, "काय रे, शाई संपली?" मग वाचला. वाचून झाल्यावर त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि चाकूचं सगळं सांगितलं.

खरं सांगू? काहीतरी आहे हे मला मागच्या पत्रापासून माहीत होतं. मी बोलायची थांबले तरी त्याचं पेन चाललं होतं. मला वाचता येत नाही, पण ऐकू येतं. मी बोलले तेवढंच लिहिलं असतं त्याने, तर कागद उलटायला कशाला लागला असता? मी वाट बघत होते, कधी सांगतो.

दोन शब्द मी जमवून ठेवले होते ना, ते तोंडात आणले, पण त्याआधी म्हटलं, टाचणीचं काम उरकून घेऊ. स्क्रू काढला. टाचणीवर पांढरं, मऊ आलं. नाकाशी नेलं. आणि बाळा, माझे दोन शब्द परत पोटात गेले.

लसूण घातलेली डुकराची चरबी. माझी. माझ्याच हातची, मागच्या डिसेंबरातली.

आमच्याकडे सणाआधी घरातलं सगळं लोखंड चरबीने चोळतात. कुऱ्हाड, कढई, साखळी, चुलीचं दार, बंदूक. पन्नास वर्षं चोळतेय, त्या बंदुकीनं कधी तक्रार केली नाही. यावर्षी तिच्या डोक्यावर तुझं ते नवं दुर्बिणीचं शिंगरू बसलेलं. म्हटलं, कडीखाली गंज चढला तर? चमच्याच्या दांड्याने मागचे स्क्रू जरा सैल केले, चरबी आत नीट दाबली, आणि पुन्हा बसवले. घट्ट बसवले होते. बरणीचं झाकण बसवते तितके. पहिल्या पत्रात मीच तुला अभिमानाने सांगितलं, घासूनपुसून लख्ख केली.

मी हे बोलतेय आणि विदोये लिहितोय, म्हणजे त्याला कळलं. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. मग तो म्हणाला, "काकू, तुम्ही सैल केलीत आणि मी मोडली." मी म्हटलं, "मी चरबी लावली नसती तर तुझ्या चाकूने मोडली नसती." तो म्हणाला, "मी चाकू लावला नसता तर नुसती सैल राहिली असती." असे आम्ही अपराध एकमेकांच्या ताटातून ओढत बसलो. शेवटी अर्धा अर्धा घेतला आणि वर एकेक रकिया.

त्याचा अर्धा तो बसमध्ये सांगणार आहे. माझा अर्धा मी सांगेन, माझ्या वेळेला. सोमवारच्या बसने दोघं निघतील, हे पत्रही विदोयेच्याच हाती देते. मियात यायला तयार नव्हता. मी म्हटलं, ओब्रेनची चूक आहे, त्याला जाऊन झाप. लगेच बूट शोधायला लागला. तेवढं नाव वापरलं तुझं, माफ कर. सोबत चीज आहे, सुकवलेले आलुबुखार आहेत आणि धुरावरच्या मांसाचा एक तुकडा आहे. चरबी नाही.

तुझी
येग्दा आजी


उझित्से, १९ डिसेंबर १९७९, संत निकोलाचा सण

येग्दा आजी,

काल संध्याकाळी दोघं परतीच्या बसमध्ये बसले. हे पत्र त्यांच्यामागून येईल.

सोमवारी आजोबा दुकानात शिरले ते मला झापायच्या तयारीने नव्हते. हसत होते. वाटेत प्लेवल्याला बस थांबली तेव्हा विदोयेने सांगून टाकलं म्हणे. आजोबांनी एवढंच विचारलं: "म्हणजे तिसऱ्या रविवारी कीव नव्हती?" विदोये म्हणाला, "नव्हती काका, लाज होती. माझी." त्यावर आजोबा इतके हसले की ड्रायव्हरने आरशातून बघितलं. पुढे उझित्सेपर्यंत दर अर्ध्या तासाने ते विदोयेला म्हणायचे, "गाढवा, मला वाटलं मी संपलो," आणि पुन्हा हसायचे.

काम असं केलं: भोक एक माप मोठं केलं, नवे आटे पाडले, त्या मापाचा नवा स्क्रू लेथवर करून घेतला. बाकीचे तीनही काढून स्पिरिटने धुतले. आजोबा म्हणाले, रकियाने धुतले असते तर घरच्यासारखं वाटलं असतं. मी म्हटलं, रकियात साखर असेल तर चिकटेल. त्यांना ते पटलं नाही. प्रत्येक स्क्रूला लाखेचा एक थेंब लावलाय, आणि डोक्यापासून कडीपर्यंत पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढलीय. ती कायमची. काल सकाळी मैदानावर शंभर पावलांवरून नेम लावून घेतला. कागद सोबत दिलाय, भोकं बघा.

चरबीचं मी काही बोललो नाही. तो अर्धा तुमचा आहे.

आणि आभार मात्र मानू नका. मी हे दुकान उघडलं तेव्हा चार महिने कुणी पायरी चढलं नव्हतं. पहिली बंदूक घेऊन आले ते आजोबा. मी ती उघडली, सगळी तपासली, तिच्यात काहीच बिघडलेलं नव्हतं. मी तसं सांगितलं तर म्हणाले, "असू दे, जरा नीट बघ, आणि दारात ठेव, लोकांना दिसू दे." त्या बंदुकीच्या मागे बाकीची आली. ती हीच बंदूक, आजी. तिच्यात शेवटी एकदाचं काहीतरी बिघडलं, हे माझं नशीबच म्हणायचं.

रविवारचं कळवा.

तुमचा
ओब्रेन


यावोरित्सा, २५ डिसेंबर १९७९

ओब्रेन बाळा,

रविवारी जागा वाटल्या. बीचखालची जागा ज्याची होती त्याचीच राहिली. नाव पुकारलं तेव्हा मियात मोठ्याने हो म्हणाला, इतक्या मोठ्याने की कुत्री भुंकली. हे विदोयेने सांगितलं.

सकाळी त्याने एक डुक्कर पाडलं, ऐंशी पावलांवर, एका गोळीत. दुपारी दुसरं समोर आलं तेव्हा हा पठ्ठ्या शेजारच्या शिकाऱ्याला स्क्रूवरच्या रेघा दाखवत होता. घाईघाईत झाडली आणि चुकला. दुर्बीण नीट, डोळे नीट, हात नीट, चूक शंभर टक्के त्याची.

मग कोर्ट बसलं. विदोयेने कोट काढून मंडळाच्या अध्यक्षाला दिला आणि स्वतः ओंडक्यावर पालथा पडला, सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. त्याला सहा बसले. त्यानंतर मियातला तीन. आज पत्र सांगताना विदोये उभा राहून लिहितोय, मी बसायला सांगत नाही.

घरी आला मियात. डुकराची गोष्ट एकदा सांगितली. छडीची तीनदा. "जोरात मारली ग," म्हणाला, "कुणी हात आखडता घेतला नाही." पाणी तापवून ठेवलं होतं मी पाठीसाठी. नको म्हणाला, थोडं दुखू दे.

तेव्हा मी माझा अर्धा सांगितला. चमचा, चरबी, सगळं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "येग्दा, बसमध्येच मला वास आला होता. पन्नास वर्षं त्या चरबीत तळलेलं खातोय, मला कळणार नाही?" म्हणजे सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि प्रत्येकजण दुसऱ्यापासून लपवत होता. मला विचारशील तर लग्न असंच टिकतं.

तुझे आभार मी मानणारच, तू नको म्हणालास तरी. विदोयेचे मानते, त्याने तो परिच्छेद गाळला नाही म्हणून. त्या झाडाचे मानते, गोळी खाऊनही येत्या वसंतात मोहरेल म्हणून. आणि त्या छडीचे. नवऱ्याला फटके बसले म्हणून देवापुढे मेणबत्ती लावणारी बाई या डोंगरात मी एकटीच असेन.

लोखंड चोळायचं सोडणार नाही, पण बंदूक वगळून. रोज झोपण्याआधी मी ती खुंटीवरून काढते, चष्मा लावते आणि चारही रेघा बघते. मियात विचारतो, "काय वाचतेस?" मी म्हणते, "पत्र." आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी वाचता येतं ओब्रेन. रेघ अखंड असली की सगळं ठीक. एवढं एकच वाक्य आहे, पण ते मला कुणी वाचून दाखवायला लागत नाही.

आता विदोयेला मी पेन खाली ठेवायला सांगणार आहे.

(ओब्रेन, विदोये लिहितो आहे, काकूंच्या परवानगीने. त्यांनी पेन माझ्या हातून घेतलं आणि जीभ दातांत धरून बराच वेळ कागदावर वाकल्या होत्या. खाली दिसतंय ते वर्तुळ म्हणजे स्क्रूचं डोकं, जरा बटाट्यासारखं झालंय. त्यातून बाहेर कडीपर्यंत गेलेली रेघ त्यांची आहे. मी हात लावलेला नाही. रेघ कुठेही तुटलेली नाही.)